एकांताचे भाडे

शाळेच्या वार्तापत्रात मधुचंद्राचा विषय कशाला, असे काही पालकांना वाटेल, आणि ते साहजिक आहे. पण दर लग्नसराईत माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिका शाळेत येतात आणि पत्रिका देता देता हल्ली नवरा मुलगा हळूच सांगतो, "लग्नानंतर आम्ही मालदीवला चाललोय." कोणी अंदमान म्हणतो, कोणी बाली. बरोबर आलेले वडील तेवढ्यापुरते भिंतीवरचा नकाशा पाहू लागतात. ज्या फोटोंवरून हे बेत ठरतात ते फोटो आता आपल्या पाचवी-सहावीतल्या मुलांनाही पाठ आहेत. निळेशार पाणी, पाण्यात खांबांवर उभी केलेली लाकडी खोली, खाली मासे, पलंगावर टॉवेलचे केलेले दोन हंस. तेव्हा मुलांपासून झाकून ठेवण्यासारखे यात काही उरलेले नाही. मोठ्यांनीच त्यावर नीट बोलायचे राहिले आहे.

घरोघरी यावर जी चर्चा होते ती ठरलेली असते. आजोबा म्हणतात, "कर्ज काढीसन फिराले कोन जास?" आम्ही लग्नानंतर वणीच्या गडावर जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी खात्यावर हजर झालो, हेही ते सांगतात. मुलगा म्हणतो, आयुष्यात एकदाच तर जायचे आहे. सून काही म्हणत नाही, कारण तिला कोणी विचारत नाही. आजोबांचे कर्जाबद्दलचे म्हणणे आम्हाला पूर्ण पटते. पण त्यांना या हौसेत नुसता चंगळवाद दिसतो, तो आम्हाला दिसत नाही. समुद्र पाहायचा तर डुमस आहेच. पोहण्याच्या तलावासाठीही कोणी परदेशी जात नाही. मुलगा आणि सून त्या बेटावर एकांत विकत घ्यायला निघालेले असतात. तो त्यांना इतक्या लांबून आणि इतका महाग का घ्यावा लागतो, हा प्रश्न लिंबायतने स्वतःला विचारायचा आहे, असे आमचे मत आहे.

आधी ते बेट काय चीज आहे ते पाहू, कारण फोटोत ते दिसत नाही. मालदीव हा सुमारे १२०० लहान बेटांचा देश. त्यातल्या दोनशेहूनही कमी बेटांवर तिथली माणसे राहतात. सगळी बेटे प्रवाळाची, म्हणजे पोवळ्याच्या किड्यांनी हजारो वर्षे रचलेल्या चुन्याची. मधे उथळ पाणी आणि भोवती बांगडीसारखे प्रवाळाचे कडे, अशी त्यांची रचना. या कड्याला इंग्रजीत जो 'ॲटॉल' शब्द आहे तो मालदीवच्या धिवेही भाषेतूनच जगभर गेला. समुद्रात बुडत गेलेल्या जुन्या ज्वालामुखींच्या काठाने ही कडी वर वाढत राहिली, असे डार्विनने १८४२ साली पुस्तक लिहून मांडले होते. भूगोलाच्या तासाला मुलांनी शिक्षकांना हे जरूर विचारावे. समुद्रसपाटीपासून या देशाची सगळ्यात उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरच्याही आत आहे, म्हणजे आपल्या घराच्या छतापेक्षा खाली. समुद्र वाढला तर आपले काय होईल हे जगाला दाखवण्यासाठी २००९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली बसून घेतली होती. मिठी खाडीचे पाणी दारात आले की काय होते ते ज्यांनी पाहिले आहे, त्या लिंबायतकरांना ही गोष्ट लवकर समजेल.

या देशात पर्यटन सुरू झाले १९७२ साली. आपल्याकडे उकाई धरण पुरे झाले तेच वर्ष. एका इटालियन व्यावसायिकाने काही पाहुणे आणले, आणि राजधानी मालेजवळच्या विहामानाफुशी बेटावर कुरुंबा नावाचे पहिले रिसॉर्ट उघडले. खोल्या अगदी साध्या होत्या, प्रवाळाच्या दगडाच्या भिंती आणि नारळाच्या झापांची छपरे. पुढे जी पद्धत रुळली ती अशी : एक बेट, एक रिसॉर्ट. ज्या बेटावर कोणी राहत नाही ते बेट सरकार भाडेपट्ट्याने कंपनीला देते आणि त्यावर त्या रिसॉर्टखेरीज दुसरे काहीही नसते. गाव नाही, बाजार नाही, शाळा नाही. स्थानिक लोक त्यांच्या बेटांवर, पाहुणे पाहुण्यांच्या बेटांवर. दारू मिळते ती रिसॉर्टमध्ये, गावाच्या बेटावर ती चालत नाही. (गुजरातमधल्या वाचकांना ही व्यवस्था फारशी परकी वाटू नये, आपले दमण आहेच.) २००९ नंतर गावांच्या बेटांवर साधी अतिथिगृहे काढायला परवानगी मिळाली, त्यामुळे कमी पैशांत जाणेही शक्य झाले. पण फोटो त्या बेटांचे नसतात. फोटो असतात ते निर्मनुष्य बेटांचे.

म्हणजे नवरा-बायको तिथे ज्याचे पैसे मोजतात ती वस्तू आहे इतर माणसांचे नसणे. दार वाजवणारे कोणी नाही, हाक मारणारे कोणी नाही, "किती वेळ झाला, आत काय करताय" असे विचारणारे कोणी नाही. जगातली ही सगळ्यात महाग वस्तू असावी. पाण्यावरच्या बऱ्यापैकी खोलीला एका रात्रीचे काही दहा हजार रुपये पडतात आणि नामांकित ठिकाणी आकडा लाखात जातो. लांबच्या बेटावर पाण्यात उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावे लागते, त्याचे माणशी चारशे-पाचशे डॉलर वेगळे. सरकारचा हरित कर जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोजचा १२ डॉलर झाला. दोघांच्या चार रात्रींचा हा कर ९६ डॉलर, म्हणजे आठ हजार रुपयांच्या वर. शिवाय पर्यटनावरचा वस्तू व सेवा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के, आणि सेवा आकार १० टक्के. जाहिरातीतल्या मोठ्या अक्षरांत हे बहुधा नसते.

आता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी वही काढावी. सहलीसाठी दोन लाख रुपये वर्षाला १६ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता बसतो सात हजारांच्या थोडा वर. छत्तीस हप्त्यांचे मिळून अडीच लाखांहून जास्त होतात. मुलगा वीस हजार मिळवत असेल तर पगाराचा तिसरा हिस्सा गेला. चौथी रात्र संपते आणि पुढे तीन वर्षे बँकेचा संदेश येत राहतो. बाळाचे बारसे होते, बाळ चालू लागते, आणि मधुचंद्राचा हप्ता अजून चालूच असतो. "आत्ता फिरा, नंतर भरा" असे सांगणाऱ्यांना आमचा सरळ विरोध आहे. ज्याच्याजवळ पैसे साठलेले आहेत त्याने खुशाल जावे, त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहण्याचे कारण नाही. ज्याला उसने काढावे लागते त्याने जाऊ नये. यात मधला मार्ग आम्हाला दिसत नाही.

पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवतो तो माणूस कोण, हे मात्र फार कोणी विचारत नाही. मालदीवमध्ये बांगलादेश, भारत, श्रीलंका, नेपाळ इथून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यातही बांगलादेशी सर्वांत जास्त. त्यांचे राहणे त्याच बेटाच्या मागच्या बाजूला, झाडीच्या आड, पाहुण्यांच्या नजरेस न पडेल असे. बायको-मुले देशात. दर चार दिवसांनी नवे जोडपे येते, त्याच्यासाठी हा माणूस फुलांच्या पाकळ्या पसरतो, दोघांचा फोटो काढून देतो, आणि रात्री आपल्या खोलीवर जाऊन बायकोला फोन लावतो.

लिंबायतच्या माणसाला या माणसाची ओळख करून द्यावी लागू नये. आपल्यापैकी बऱ्याच घरांची सुरतेतली सुरुवात अशीच झाली. नंदुरबार, शहादा, शिरपूर, अमळनेर, पारोळा इथून तापी लाईनच्या गाडीने माणूस एकटा आला. एका खोलीत दहा-बारा जण. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच गोधडीवर आडवा व्हायचा. बारा-बारा तास लूम्सच्या खडखडाटात काढलेल्या त्या माणसाची बायको गावी सासूजवळ असायची, आणि भेट व्हायची ती आखाजीला, कानबाईला, दिवाळीला. तीही भरल्या घरात. अशा किती जोडप्यांनी लग्नाची पहिली पाच-सात वर्षे काढली याची नोंद कुठेच नाही, आणि ती माणसे स्वतःहून सांगणाऱ्यांपैकी नव्हेत. आज तशीच खोली आणि तशीच पाळी ओडिशाच्या गंजामहून आलेल्या भावांच्या वाट्याला आली आहे. वस्तीत ते भेटतात तेव्हा त्यांच्याशी आपण कसे बोलतो, हेही कधी तपासून पाहावे.

बेटावर पिकत काहीच नाही, हेही फोटोत दिसत नाही. भाजी, अंडी, तांदूळ, साखर, बांधकामाची खडीसुद्धा बाहेरून येते. आपल्याकडच्या कांद्याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. नाशिकपासून धुळ्यापर्यंतचा शेतकरी भाव पडल्यामुळे हैराण होता. त्याच एप्रिल महिन्यात मालदीवला वर्षभरासाठी सुमारे ३५ हजार टन कांदा देण्याची खास परवानगी निघाली. १९८१ पासूनचा तसा करारच आहे. तेव्हा रिसॉर्टमधल्या ताटात कांदा आला तर तो आपल्या मामाच्या शेतातलाही असू शकेल. गोड्या पाण्याचे तर आणखी अवघड. प्रवाळाच्या बेटावर पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगते. जास्त उपसले की तेही खारट होते. म्हणून समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करायचे, आणि ती यंत्रे बहुतेक ठिकाणी डिझेलवर चालतात. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतल्या पाण्याच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा राजधानीतल्या लोकांना प्यायला पाणी उरले नाही आणि भारताने विमानांनी व जहाजांनी पाणी पोचवले. कचरा टाकायला म्हणून थिलाफुशी नावाचे एक वेगळे बेटच तयार झाले आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे भर पडते आहे. तिथे कोणी मधुचंद्राला जात नाही.

इथे कोणी म्हणेल, मालदीव कशाला, आपले लक्षद्वीप आहे. २०२४ च्या जानेवारीत हे फार ऐकू आले. पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली, फोटो प्रसिद्ध झाले, त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी नको ते लिहिले, त्यांना निलंबित करण्यात आले, आणि आपल्याकडे मालदीवची आरक्षणे रद्द करण्याची लाट आली. तिचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय मालदीवला गेले होते आणि परदेशी पाहुण्यांत भारताचा पहिला क्रमांक होता. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे एक लाख तीस हजारांवर आली. राग समजण्यासारखा होता. पण रागाने बेट मोठे होत नाही. लक्षद्वीपची सगळी ३६ बेटे मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. त्यातल्या दहा बेटांवर वस्ती, २०११ च्या जनगणनेत साडेचौसष्ट हजार माणसे. पाण्याचा प्रश्न मालदीवसारखाच. जायला आधी परवाना काढावा लागतो आणि तो नियम योग्यच आहे. तिथेही एक बंगारम बेट आहे, अगत्तीच्या विमानतळापासून जवळ, कायमची वस्ती नसलेले. लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, ती बंगारमवर शिथिल. म्हणजे पाहुण्यांचे बेट वेगळे आणि गावाचे वेगळे, तीच रीत. त्याच बंगारमच्या कड्यातले परळी नावाचे एक छोटे बेट लाटांनी झिजून नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. टाटांच्या हॉटेल कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये सुहेली आणि कदमत या बेटांवर दोन रिसॉर्ट बांधण्याची घोषणा केली. उद्या ती उभी राहतील, स्थानिक मुलांना कामही मिळेल. पण देशप्रेमाच्या भरात सगळ्यांनी एकदम तिकडे धाव घेतली तर आपल्याच माणसांच्या विहिरी खारट होतील, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

अंदमानची गोष्ट निराळी आहे, आणि मराठी माणसाला तिथे जाताना दुसरेही कारण असते. आपली जोडपी सकाळी सेल्युलर जेल पाहतात आणि दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉकला जातात. २०१८ च्या अखेरीस त्या बेटाचे नाव स्वराज द्वीप झाले. राधानगरचा किनारा तिथलाच, आणि आता त्या किनाऱ्याजवळ पंचतारांकित रिसॉर्टही आहे. बेट पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी झाडे तोडून, शेती करून वसवले आहे, त्यामुळे तिथे खरे गाव आणि खरा बाजार दिसतो. आम्हाला ते बरे वाटते. जेलमध्ये वाटाड्या कोलू दाखवतो, फाशीची जागा दाखवतो. तो सांगतो की नाही ठाऊक नाही, पण नवीन लग्न झालेल्यांनी एक गोष्ट जरूर माहीत करून घ्यावी. तात्याराव सावरकर १९११ साली तिथे पोचले, त्यांचे थोरले बंधू बाबारावही तिथेच होते. तात्यारावांच्या पत्नी यमुनाबाई यांना नवऱ्याला भेटायची परवानगी मिळाली ती १९१९ साली, आठ वर्षांनी. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनींना ती भेटही लाभली नाही, परवानगीची वाट पाहता पाहताच त्या गेल्या. नवरा-बायकोला एकमेकांपासून तोडण्यासाठी जे बेट सरकारने निवडले होते, तिथे आज देशभरातली जोडपी एकत्र राहायला मिळावे म्हणून जातात.

आता घराकडे येऊ. आपल्या सोसायट्यांतले प्लॉट बारा-पंधरा फूट रुंद. खाली एक खोली, मागे स्वयंपाक, वर झाला तर पत्र्याचा मजला, आणि बाहेरून लोखंडी जिना. त्यात आजी-आजोबा, आई-बाप, दोन भाऊ, एक शिकणारी बहीण. दिवसा खालच्या खोलीत साडीवर खडे लावण्याचे आणि धागा कटिंगचे गठ्ठे पसरलेले. लग्न ठरले की मंडपाचा विचार होतो, डीजेचा होतो, हळदीच्या जेवणात किती भाज्या याचा होतो. लग्नानंतर हे दोघे झोपणार कुठे, याचा विचार बऱ्याच घरांत लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत झालेला नसतो. मग दोरीवर चादर टाकून आडोसा होतो. पोराची पाळी बारा तासांची, तो घरी येतो तेव्हा टीव्हीसमोर सगळे बसलेले. बायकोशी दोन शब्द बोलायला त्याला स्वयंपाकघरात पाणी प्यायला जावे लागते, आणि तो दोनदा गेला की कोणीतरी हसते. रविवारी दोघे मोटरसायकलवर डुमसला जाऊन बसतात. तिथे पोलीस हटकतो आणि भजीवालाही हसतो.

अशा घरातल्या मुलाने मोबाईलवर ते बेट पाहिले तर त्याला काय दिसत असेल? त्याला चैन दिसत नाही, त्याला दार दिसते. आतून कडी लावता येईल असे दार.

मुलीच्या बाजूने पाहिले तर आणखी वेगळे दिसते. साक्री किंवा तळोद्याच्या बाजूच्या गावातून ती इथे येते. गावी निदान अंगण होते, शेत होते, मैत्रिणी होत्या. इथे नळाला पाणी येण्याच्या वेळेला उठायचे, आणि रात्री शेवटचे ताट घासून झाल्यावर आडवे व्हायचे. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या मुली भेटायला येतात तेव्हा त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट आम्हाला कळली. सहलीच्या चार दिवसांत त्यांना सगळ्यात काय आवडले, तर सकाळचा नाश्ता. समुद्राचे नाव नंतर येते. कोणीतरी दुसऱ्याने केलेला, गरम, आणि "तुला काय हवे" असे विचारून वाढलेला नाश्ता. हे सुख त्यांना मालदीवला, गोव्याला, महाबळेश्वरला, कुठेही मिळाले असते. महिन्यातून एका सकाळी घरातच मिळाले तर तेही पुष्कळ होईल, आणि त्याला पासपोर्ट लागत नाही.

एकत्र कुटुंबाच्या आम्ही विरोधात नाही. कानबाईच्या रोटांना सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, तेव्हा त्या गर्दीचे सुख आम्हीही घेतो. पण गर्दीचे सुख घ्यायलाही माणूस अधूनमधून एकटा राहिलेला असावा लागतो. ज्या जोडप्याला एकमेकांशी बोलायलाच मिळाले नाही, ते पहिल्या भांडणात बोलायला लागते, आणि मग ते भांडण सगळ्या घराचे होते. वेगळे राहायला गेलेल्या मुलांबद्दल "सून आली आणि घर फुटले" असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यातली काही घरे एका दाराअभावी फुटलेली असतात, असा आमचा अंदाज आहे.

म्हणून आमच्या काही सूचना. पालकांनी मुलाच्या लग्नासाठी जी रक्कम बाजूला ठेवली असेल तिच्यातून मंडपाच्या आधी खोलीचा खर्च काढावा. वरचा मजला बांधायचा असेल तर तो लग्नाआधी बांधावा, आणि त्याला आतून कडी असावी. अगदीच शक्य नसेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ बाकीच्यांनी देवळात, भजनाला, नातेवाईकांकडे जावे. न सांगता, न हसता. लग्नानंतर चार दिवस दोघांनाच बाहेर पाठवावे, बरोबर धाकटा दीर देऊ नये. (तो बिचारा कंटाळतो.) जायला जवळ पुष्कळ जागा आहेत. सापुतारा आहे, तिथून पुढे वणी फार दूर नाही. गडावर २०१८ पासून ट्रॉली झाल्यामुळे आजींनी सांगितलेले दर्शनही होऊन जाते. बेटच पाहायचे असेल तर दीव आहे. खरेखुरे बेट, डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे होते, समुद्रात उभा किल्ला आहे, आणि परवडेल अशा खोल्याही मिळतात. हजिऱ्याहून घोघ्याला जाणारी बोट नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. तिने गेले तर थोडा समुद्रप्रवासही घडतो, पुढे भावनगरहून रस्ता आहे. निघण्याआधी बोटीची वेळ तेवढी विचारून घ्यावी.

विश्वस्त मंडळींना आणि समाजातल्या दात्यांना एक विनंती. आपल्याकडे सामूहिक विवाह होतात, त्यात प्रत्येक जोडप्याला कपाट, पलंग, भांडी, मिक्सर दिला जातो. देणाऱ्यांची भावना मोठी आहे. पण बारा फुटांच्या खोलीत ते कपाट आले की उरलीसुरली जागाही जाते, आणि पलंगावर पहिल्या दिवसापासून आजोबा झोपतात. येत्या वर्षी एखाद्या दात्याने कपाटाऐवजी प्रत्येक जोडप्याला जाण्या-येण्याची दोन तिकिटे आणि दीवच्या किंवा सापुताऱ्याच्या साध्या, स्वच्छ हॉटेलातल्या तीन रात्री द्याव्यात. खर्च कपाटाच्या आसपासच येईल, हिशेब आम्ही करून देऊ. मंडपात मांडून दाखवण्यासारखे त्यात काही नसेल हे खरे, दात्याचे नाव पाकिटावर लिहावे लागेल. पाकीट मात्र सुनेच्या हातात द्यावे.